एका ठेक्याची दोन भावंडं

दोस्तांनो, 'फ्रीस्टाइल' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? कुस्ती, नाही तर पोहण्याची शर्यत! आणि 'हाउस' म्हणजे? त्यात काय विचारायचं, घर! पण गंमत अशी, की अमेरिकेत या दोन्ही नावांचं संगीत आहे. दोन्हींवर लोक बेभान होऊन नाचतात. फ्रीस्टाइल वाढलं न्यूयॉर्कमध्ये, हाउस वाढलं शिकागोत. दोन्ही शहरांत अंतर हजारभर किलोमीटरचं. तरीही ही दोघं सख्खी भावंडं आहेत बरं का! आणि ती जन्माला यायच्या आधी त्यांच्या आईला चक्क सुरुंग लावून उडवायचा प्रयत्न झाला होता. कोण ही आई? तिचं नाव डिस्को!

९८ सेंटचं तिकीट

तारीख १२ जुलै १९७९. स्थळ शिकागोचं कोमिस्की पार्क, म्हणजे बेसबॉलचं मैदान. त्या संध्याकाळी एक अजब सवलत होती. घरातली एक डिस्कोची तबकडी आणून द्या आणि फक्त ९८ सेंटमध्ये सामने बघा! स्टीव्ह डाल नावाच्या रेडिओ निवेदकाचा हा कार्यक्रम. त्याला डिस्कोचा भारी तिटकारा. आयोजकांचा अंदाज होता, वीसेक हजार लोक येतील. आले पन्नास हजारांच्या आसपास!

पहिला सामना संपला. गोळा झालेल्या तबकड्यांची मोठी पेटी मैदानात आणली गेली आणि 'धडाम!' स्फोट होताच हजारो लोक मैदानात घुसले. गवत उखडलं गेलं, शेकोट्या पेटल्या, पोलीस बोलवावे लागले. दुसरा सामना झालाच नाही. यजमान शिकागो संघ खेळल्याविनाच हरला!

त्या मैदानावर प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम एक शाळकरी मुलगा करत होता. त्याचं नाव विन्स लॉरेन्स. तो कृष्णवर्णीय होता. सिंथेसायझर विकत घ्यायचा म्हणून तो पै-पै साठवत होता. त्याने एक गोष्ट टिपली आणि ती पुढे अनेकदा सांगितली. लोक जाळायला आणत होते त्यातल्या कितीतरी तबकड्या डिस्कोच्या नव्हत्याच! स्टीव्ही वंडर, मार्व्हिन गे अशा कृष्णवर्णीय गायकांच्या होत्या. स्टीव्ह डालचं म्हणणं असं, की आपल्या मनात वर्णद्वेष अजिबात नव्हता. पण विन्सला जे दिसलं ते दिसलं. 'हे संगीत नको' असं म्हणता म्हणता काही जण 'ही माणसं नकोत' असं तर म्हणत नव्हते ना?

या विन्सला विसरू नका हं. तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

डिस्को होती तरी कोणाची?

आपल्याकडे डिस्को आली ती सिनेमातून. 'कुर्बानी' १९८० मधला आणि 'डिस्को डान्सर' १९८२ मधला. आजीआजोबांना विचारा, नाही तर आईबाबांना, त्यांचे पाय आपोआप हलतील! म्हणजे बघा, अमेरिकेत डिस्को संपली म्हणून जाहीर झालं, तेव्हा मुंबईत तिचा नुकता कुठे गृहप्रवेश होत होता.

पण ती जन्मली न्यूयॉर्कमध्ये. १९७० साली डेव्हिड मॅन्क्युसो नावाच्या तरुणाने स्वतःच्या राहत्या जागेत नाचाच्या मेजवान्या सुरू केल्या. जागेचं नाव पडलं 'लॉफ्ट', म्हणजे माळा! तिथे दारू विकली जात नसे. फळं, सरबत आणि रात्रभर गाणी, एवढंच. तिथे कृष्णवर्णीय यायचे, गोरे यायचे, लॅटिनो यायचे. समलिंगी तरुण-तरुणी यायच्या. इतर ठिकाणी ज्यांच्याकडे वाकड्या नजरेने बघितलं जायचं, त्यांना इथे कोणी काही विचारत नसे.

लॅटिनो म्हणजे कोण? अमेरिकेत राहणारे, पण ज्यांच्या घरचं मूळ स्पॅनिश किंवा पोर्तुगीज बोलणाऱ्या देशांत आहे असे लोक. न्यूयॉर्कमध्ये त्यांत सगळ्यात जास्त होते पोर्टो रिकोचे. हे कॅरिबियन समुद्रातलं एक बेट. तिथले लोक १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथली लाखो माणसं कामधंद्यासाठी न्यूयॉर्कला आली आणि ब्राँक्स, ब्रुकलिन, हार्लेम अशा भागांत कष्टकरी वस्त्यांत राहू लागली. शेजारी कृष्णवर्णीय कुटुंबं होती. एका घरातून सोल संगीत ऐकू यायचं, दुसऱ्या घरातून सालसा. मुलं दोन्ही ऐकत वाढली. डिस्कोच्या गाण्यांत कोंगा आणि टिंबालेस ही लॅटिन तालवाद्यं वाजतात, ती काही उगाच नाही!

याच न्यूयॉर्कमधले दोन दोस्त होते, लॅरी लेव्हन आणि फ्रँकी नकल्स. दोघेही डीजे. थांबा, थांबा! डीजे म्हणजे मिरवणुकीतली स्पीकरची भिंत नव्हे. डीजे म्हणजे एकामागून एक तबकड्या अशा जोडून वाजवणारा माणूस, की ठेका एकदाही तुटत नाही. १९७७ साली फ्रँकी शिकागोला गेला, तिथल्या 'वेअरहाउस' नावाच्या क्लबात तबकड्या वाजवायला. वेअरहाउस म्हणजे गोदाम. 'गोदामात वाजतं ते संगीत' असं म्हणता म्हणता लोक नुसतं 'हाउस' म्हणू लागले. झालं की नाही बारसं?

आता टाळ्या वाजवा!

भावंडांची नाकं-डोळी सारखी कशी, ते आता तुम्हीच तपासा. त्यासाठी वाद्य नको, दोन हात आणि एक पाय पुरे. मनात एक ते सोळा आकडे सारख्या वेगाने मोजा. आपल्या तीनतालाच्याही सोळाच मात्रा असतात, तेव्हा तबला शिकणाऱ्यांना हे सोपं जाईल.

आधी फक्त टाळ्या. १, ४, ७, ११ आणि १३ या आकड्यांवर टाळी द्या. सोळा संपले की पुन्हा एकपासून. काय, अडखळलात? पुन्हा करून बघा. पहिल्या आठ आकड्यांत तीन टाळ्या, पुढच्या आठांत दोन. हा आहे 'क्लावे'. लाकडाच्या दोन छोट्या दांड्या एकमेकींवर आपटून तो वाजवतात. त्या दांड्यांनाही क्लावेच म्हणतात. गुलाम म्हणून पकडून नेलेल्या आफ्रिकन लोकांनी हे ताल आपल्याबरोबर समुद्रापार नेले. क्युबात क्लावे रुजला आणि पुढे सालसाचा कणा झाला.

आता हाउस. पाय आपटा १, ५, ९ आणि १३ वर. अगदी कवायतीसारखा सरळ! आणि ५ व १३ वर टाळी. घड्याळाच्या एका टिकटिकीत पायाचे दोन ठोके बसवलेत, की मिनिटाला १२० होतात. हाउसचा वेग साधारण एवढा किंवा याहून थोडा जास्त असतो. पायाचा हा सरळ ठोका डिस्कोचाच.

आता फ्रीस्टाइल. ५ आणि १३ वरची टाळी तशीच ठेवा, पण पाय सरळ आपटू नका. फ्रीस्टाइलमध्ये पायाचा ठोका दर गाण्यात निराळ्या जागी पडतो. नमुना म्हणून १, ७ आणि ११ वर आपटून बघा. चाल कशी लचकते, कळलं? आणि एक गंमत सापडली का? १, ७ आणि ११ हे तिन्ही आकडे क्लावेच्या पाच आकड्यांत आहेत!

म्हणजे टाळी दोन्हींची एकच. एका भावाने आईचा सरळ पाय घेतला, दुसऱ्याने क्लावेची लचक. आणि सरळ पायाच्या हाउसमध्येसुद्धा वरचा पियानो नीट ऐका. तो ठोक्यावर न पडता मधल्या फटींत पडतो, थेट सालसातल्या पियानोसारखा.

न खपलेली यंत्रं

रक्त सारखं, हे तर झालं. पण दोन्ही भावंडांच्या हातात खेळणीही एकच होती. ती आली जपानहून.

१९८० साली रोलँड या जपानी कंपनीने 'टीआर-८०८' नावाचं ड्रम मशीन काढलं. ढोलकीवाला नसला तरी बटणं दाबून ताल बसवता येईल असं यंत्र. पण त्याचा आवाज खऱ्या ड्रमसारखा मुळीच नव्हता. खोल 'बुम्म' आणि कोरडी 'टक्'! वादक हसले. दुसऱ्या एका अमेरिकन यंत्रात खऱ्या ड्रमचे आवाज साठवलेले होते, पण ते या यंत्राच्या चौपट महाग होतं. ८०८ चे ते विचित्र आवाज येत होते ते काही अंशी सदोष ट्रान्झिस्टरमुळे. पुढे ट्रान्झिस्टर सुधारले आणि सदोष मिळेनासे झाले! १९८३ मध्ये यंत्र बंद झालं. जेमतेम १२ हजार बनले होते.

त्याच कंपनीचं 'टीबी-३०३' हे तर आणखी गमतीदार. एकट्याने गिटारचा सराव करणाऱ्याला साथ म्हणून बेसचे सूर वाजवणारं ते यंत्र. ते वाजवायला इतकं किचकट आणि आवाज इतका खोटा, की कोणी फारसं घेईना. मग ही यंत्रं जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली. नवीन वाद्य ज्यांना परवडत नव्हतं अशा मुलांना ती परवडली. त्यांना खऱ्या ड्रमचा आवाज हवाच कुठे होता? त्यांना हवं होतं अजून कोणी न ऐकलेलं काहीतरी!

आणि हो, हीच दोन यंत्रं मुंबईतही पोचली होती बरं का! हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणाऱ्या चरणजित सिंग या वादकाने १९८२ साली या यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले आणि त्यांची तबकडी काढली. तेव्हा तिच्याकडे फारसं कोणी लक्ष दिलं नाही. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली, तेव्हा ऐकणारे चाट पडले. हा आवाज तर पुढच्या काळातल्या शिकागोसारखा! शिकागोच्या मुलांनी ती तबकडी ऐकली होती असं नव्हे. पण यंत्र एकच असलं, की हजारो कोसांवरची माणसंसुद्धा एकमेकांच्या जवळ येतात ती अशी.

न्यूयॉर्कचं भावंडं

१९८२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'प्लॅनेट रॉक' नावाचं गाणं निघालं. निर्माता आर्थर बेकर. जर्मनीच्या क्राफ्टवेर्क या गटाच्या यांत्रिक सुरांना त्याने ८०८ च्या तुटक ठेक्यावर बसवलं. गल्लीतली मुलं त्यावर ब्रेकडान्स करू लागली.

पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, ख्रिस बार्बोसा आणि मार्क लिगेट या दोघांनी 'लेट द म्युझिक प्ले' हे गाणं तयार केलं. त्यात यंत्राचा तुटक ठेका होता, लॅटिन तालाची लय होती आणि वर गोड चाल होती. ते गायलं शॅनन या कृष्णवर्णीय गायिकेने. अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ते आठव्या क्रमांकापर्यंत गेलं. 'लॅटिन फ्रीस्टाइल'चा रस्ता याच गाण्याने खुला केला असं मानतात. लॅटिन संगीत म्हणायचं आणि पहिली गायिका लॅटिनो नाही! या संगीतात असं कुंपण कधी नव्हतंच.

मग आली लिसा वेलेझ. पोर्टो रिकन घरातली, दहा भावंडांत सगळ्यात धाकटी. 'लिसा लिसा अँड कल्ट जॅम' या गटातून ती किशोरवयातच गाऊ लागली. १९८७ मध्ये तिच्या गटाची दोन गाणी देशात पहिल्या क्रमांकावर पोचली. तोवर रेडिओवर आपल्यासारख्या नावाची, आपल्यासारख्या बोलण्याची मुलगी न ऐकलेल्या ब्राँक्सच्या पोरींना काय वाटलं असेल, कल्पना करा!

फ्रीस्टाइलच्या गाण्यांत असतं काय? बहुधा प्रेमभंग! शब्द रडवणारे आणि ठेका नाचवणारा. अल्बर्ट कॅब्रेरा आणि टोनी मोरान या जोडगोळीचं नाव होतं 'लॅटिन रास्कल्स', म्हणजे 'लॅटिन वात्रट पोरं'. ही दोघं काय करायची? गाण्याची टेप ब्लेडने कापायची, तुकडे हवे तसे चिकटवायची आणि रेडिओवर वाजवायची. एकेका शब्दाचे तुकडे टपटप पडल्यासारखे ऐकू यायचे. संगणक नव्हता, होती फक्त टेप, ब्लेड आणि चिकटपट्टी!

शिकागोचं भावंडं

आता चला शिकागोला. तिथे आपला विन्स वाट बघतोय! साठवलेले पैसे वाया गेले नाहीत. जेसी सॉन्डर्स नावाच्या तरुण डीजेची एक लाडकी तबकडी चोरीला गेली. नाचाच्या कार्यक्रमात त्याची ओळखच होती ती. आता काय करायचं? त्याने ठरवलं, आपणच तशी बनवू! विन्स मदतीला आला. ८०८ आणि ३०३ जोडीला होतेच. १९८४ मध्ये त्यांनी 'ऑन अँड ऑन' ही तबकडी काढली. हाउसची पहिली तबकडी म्हणून बहुतेक जण तिचंच नाव घेतात. ज्या मुलाच्या डोळ्यांदेखत तबकड्यांचा स्फोट झाला, त्यानेच पाच वर्षांत नवी तबकडी घडवली!

ती ऐकून शिकागोची बाकी पोरं म्हणाली, 'एवढंच ना? हे तर आपल्यालाही जमेल!' आणि जमलंही. इथल्या रेडिओवर 'हॉट मिक्स फाइव्ह' नावाचं पाच डीजेंचं टोळकं तासन्‌तास गाणी जोडून वाजवायचं. त्यात पोर्टो रिकन वंशाचा राल्फी रोसारिओ होता. त्याने १९८७ साली बनवलेली तबकडी हाउसमध्ये अजून आठवणीने वाजवतात. म्हणजे हाउस कृष्णवर्णीयांचं आणि फ्रीस्टाइल लॅटिनोंचं, अशी वाटणी करायला जाल तर फसाल!

भावंडांची गळाभेट

अजून विश्वास बसत नाही? मग ही साक्ष घ्या. लुई व्हेगा, जन्म १९६५, गाव ब्राँक्स. वडील सॅक्सोफोन वाजवणारे. आणि मामा कोण? साक्षात हेक्टर लावो, सालसाचा नामांकित गायक! लुईने ब्राँक्सच्या 'डेव्हिल्स नेस्ट' क्लबात फ्रीस्टाइलच्या तबकड्या वाजवून नाव कमावलं.

त्याच सुमारास ब्रुकलिनचा टॉड टेरीही फ्रीस्टाइल बनवत होता. १९८८ मध्ये त्याने हाउसची 'कॅन यू पार्टी' काढली आणि ती इंग्लंडपर्यंत गाजली. टॉडने लुईची गाठ केनी गोन्झालेझशी घालून दिली. केनीकडे एक झकास नाव होतं, 'मास्टर्स अ‍ॅट वर्क', म्हणजे 'उस्ताद कामात आहेत'! ते नाव त्याने आधी टॉडला उसनं दिलं होतं. ते परत घेऊन लुई आणि केनी जगातल्या सर्वांत मान्यवर हाउस जोड्यांपैकी एक झाले.

फ्रीस्टाइलची लाट १९९० नंतर ओसरली, तेव्हा तिचे कारागीर घरी बसले नाहीत. ते शेजारच्या खोलीत गेले, इतकंच. गायिका इंडियाचंच बघा. जन्म पोर्टो रिकोचा, वाढली ब्राँक्समध्ये. सुरुवात केली फ्रीस्टाइलने, मग गायली हाउस आणि १९९२ मध्ये थोर पियानोवादक एडी पाल्मिएरीबरोबर सालसाचा अल्बम काढला. १९९७ मध्ये लुई आणि केनीने 'न्युयोरिकन सोल' हा अल्बम केला. न्युयोरिकन म्हणजे न्यूयॉर्कचा पोर्टो रिकन. त्यात इंडिया होती, पाल्मिएरी होता आणि टिंबालेसचा बादशहा टिटो पुएन्तेही. ज्या घरातून लेकरं बाहेर पडली होती, त्या घरातले वडीलधारे आता लेकरांच्या तालावर वाजवत होते!

आणि शेवटी

आईबाबांनो, हा परिच्छेद तुमच्यासाठीही आहे. मुलांच्या खोलीतून एकसुरी 'धम् धम्' येऊ लागलं की 'हे काय संगीत आहे?' असं तोंडून निघतंच. एकदा तसं न म्हणता शेजारी बसून सोळापर्यंत मोजून बघा. आणि मुलांनो, तुम्हीही 'बाबांची गाणी बोअर' असं म्हणण्याआधी त्यांतला ठेका ओळखायचा प्रयत्न करा. कोणास ठाऊक, नातं निघेल!

एखादं गाणं न आवडणं हा कोणाचाही हक्क आहे. पण न आवडलेलं गाणं जाळून टाकल्याने संपत नाही. ते ज्यांचं असतं, ती मुलं जुन्या बाजारातून एखादं यंत्र आणतात आणि पुन्हा सुरू करतात.

फ्रँकी नकल्स २०१४ मध्ये गेला. वेअरहाउस जिथे भरायचं त्या रस्त्याच्या भागाला शिकागोने २००४ मध्येच त्याचं नाव दिलं होतं. आणि २०२३ मध्ये शहराने ती गोदामाची इमारत कायद्याने जपायची वास्तू म्हणून जाहीर केली.

आणि तबकड्या जिथे उडवल्या ते कोमिस्की पार्क? ते १९९१ मध्ये पाडलं. आता तिथे गाड्या उभ्या राहतात!